अनवाणी ऐकणारी एव्हलिन : स्कॉटलंडच्या शेतापासून लंडनच्या रंगमंचापर्यंत

गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाच्या अगदी जवळ कधी उभे राहिला आहात? पुण्यात, इंदुरात, बडोद्यात किंवा बंगळुरूच्या एखाद्या महाराष्ट्र मंडळात? आठवून पाहा, तो आवाज तुम्हाला आधी कुठे जाणवला. बहुतेक जण कानांवर हात ठेवून उभे असतात, तरी ढोल ऐकू येतोच. तो छातीत घुमतो, पोटात उतरतो, पायाखालची फरशी थरथरवतो. शेजारी कडेवरचं लहान मूल असेल तर ते आईच्या खांद्याला घट्ट धरतं, कारण त्याच्याही बरगड्यांत तो ढोल वाजत असतो.

हा अनुभव मनात धरून ठेवा. आज आपण स्कॉटलंडला जाणार आहोत, आणि तिथे तो लागणार आहे. तिथल्या एका शेतकऱ्याच्या मुलीची श्रवणशक्ती बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण गेली. पुढे हीच मुलगी जगभरच्या मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांपुढे एकटी उभी राहून तालवाद्यं वाजवू लागली. तिचं नाव एव्हलिन ग्लेनी. केवळ एकल तालवाद्यवादनावर पूर्ण वेळ कारकीर्द उभी करणारी जगातली पहिली कलाकार म्हणून तिचं नाव घेतात. तिची गोष्ट समजून घ्यायची तर ती जिथे जिथे घडली, त्या जागा पाहायला हव्यात. चला तर मग.

करड्या दगडाचं शहर

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवरून अ‍ॅबर्डीनला थेट गाडी मिळते. प्रवास साधारण सात तासांचा. जाताना उजव्या हाताची खिडकी मिळाली तर सोडू नका. एडिंबरा मागे पडलं की गाडी फोर्थ नदीच्या मुखावरच्या तांबड्या लोखंडी पुलावर चढते. हा पूल १८९० सालचा. पुढे टे नदीचा लांबलचक पूल लागतो, मग डंडी, आणि त्यानंतर बराच वेळ उत्तर समुद्र तुमच्या सोबतीला असतो. आपल्या कोकणातल्यासारखा माडांचा किनारा इथे नाही. करडं पाणी, उघडे कडे, गवतात चरणाऱ्या मेंढ्या आणि वारा.

अ‍ॅबर्डीनला ‘ग्रॅनाइट सिटी’ म्हणतात. जुन्या इमारती जवळपास सगळ्याच स्थानिक करड्या ग्रॅनाइटच्या. ढगाळ दिवशी शहर उदास वाटतं. पण पाऊस थांबून ऊन पडलं की दगडातला अभ्रक चमकतो आणि अख्खी युनियन स्ट्रीट लखलखते. मारिशल कॉलेजची इमारत जरूर पाहा. एवढ्या कठीण दगडात इतकी नाजूक टोकं कशी काढली असतील, याचा विचार करत तुम्ही बराच वेळ मान वर करून उभे राहाल. बंदरात मासेमारीच्या बोटींपेक्षा आता समुद्रातल्या तेलविहिरींना रसद नेणारी जहाजं जास्त दिसतात. डोक्यावर समुद्रपक्ष्यांचा कलकलाट अखंड चालू.

अ‍ॅबर्डीन बरंच उत्तरेला आहे. जूनच्या अखेरीस इथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच अंधारून येतं. अशा लांब, काळोख्या हिवाळ्यात माणसं घरात काय करत असतील? ती वाद्यं काढतात. अ‍ॅकॉर्डियन, फिडल, पियानो. गावच्या सभागृहात बाकं भिंतीला लावायची आणि नाचायचं, ही इथली जुनी रीत.

मेथ्लिक : जिथे घरात सूर होता

अ‍ॅबर्डीनहून उत्तरेकडे निघालात की शहर लवकर संपतं. मग बार्लीची शेतं, दगडी कुंपणं आणि काळी, शिंगं नसलेली धष्टपुष्ट गुरं. ‘अ‍ॅबर्डीन अँगस’ या नावाने जगभर प्रसिद्ध असलेली ही जात मूळची याच भागातली. वाटेत ईथन नावाची छोटी, संथ नदी भेटते. तिच्या काठी एलन हे बाजाराचं गाव आहे, आणि आणखी आत गेलं की मेथ्लिक. जवळच हॅडो हाउस नावाचा जुना वाडा आणि त्याची मोठी बाग आहे. तिथे पायी फिरायला छान वाटतं.

इथली बोलीही ऐकण्यासारखी. तिला ‘डोरिक’ म्हणतात. कोणी तुम्हाला ‘फिट लाइक?’ असं विचारलं तर गोंधळू नका. ‘काय, कसं काय?’ एवढाच त्याचा अर्थ.

१९ जुलै १९६५ला जन्मलेली एव्हलिन मेथ्लिकजवळच्या शेतावर दोन भावांबरोबर वाढली. वडील शेतकरी, शिवाय स्कॉटिश लोकनृत्याच्या बँडमध्ये अ‍ॅकॉर्डियन वाजवणारे. आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. म्हणजे आपल्याकडे वडील भजनी मंडळात पेटीवर आणि आई देवळात कीर्तनाच्या साथीला असावी, तसं हे घर. मुलगी पियानो शिकू लागली. तिचा कान इतका तयार की वाजलेला सूर कोणता, हे ती न पाहता सांगायची.

आणि आठव्या वर्षी त्याच कानांनी त्रास द्यायला सुरुवात केली. श्रवणाच्या नसा निकामी होत होत्या. बाराव्या वर्षापर्यंत ती वैद्यकीय भाषेत ‘तीव्र कर्णबधिर’ ठरली. याचा अर्थ तिच्यापर्यंत आवाज अजिबात पोचत नाही असा नाही. काहीतरी पोचतं, पण त्यातून माणसाचं बोलणं उलगडत नाही. समोरच्याच्या ओठांवरून शब्द ओळखावे लागतात. श्रवणयंत्रं लावली तर सगळाच आवाज वाढायचा, त्यात गोंगाटही. कुठला आवाज कुठून येतो ते कळेना.

एक आईवडील म्हणून क्षणभर त्या घरात उभे राहून पाहा. मुलीला सगळ्यात जास्त आवडतं ते संगीत. आणि तिचे कान जातायत. तुम्ही काय केलं असतं? बहुतेकांनी पियानो हळूच झाकला असता आणि तिला चित्रकलेच्या क्लासला घातलं असतं. त्यात वाईट हेतू काहीच नसता, फक्त माया आणि भीती. ग्लेनी कुटुंबाने तिला इतर मुलांबरोबर एलनच्या नेहमीच्या माध्यमिक शाळेत पाठवलं.

एलनची शाळा आणि एक भिंत

एलन अ‍ॅकॅडमीत शाळेचा ऑर्केस्ट्रा होता. त्यात एका मुलीला तालवाद्यं वाजवताना एव्हलिनने पाहिलं आणि तिला वाटलं, हे मला करायचंय. तेव्हा ती बारा वर्षांची होती.

तालवाद्यं शिकवणारे शिक्षक होते रॉन फोर्ब्ज. या शिक्षकाविषयी एव्हलिन आजही सांगते, आणि ते ऐकून प्रत्येक मास्तरांनी आणि बाईंनी जरा थांबावं असं वाटतं. पहिल्याच धड्याला त्यांनी तिच्या हातात एक स्नेअर ड्रम दिला, म्हणजे तळाशी बारीक तारा ताणलेला छोटा ढोल. काठ्या दिल्या नाहीत, स्टँड दिला नाही. घरी घेऊन जा आणि पुढच्या आठवड्यात ये, म्हणाले. आता काठ्यांशिवाय ढोल वाजवायचा कसा? मुलीने तो बोटांनी वाजवला, नखांनी खरवडला, बाहीने घासला, उलटा केला, तारा सैल केल्या. आठवडाभरात तिला कळलं की एका ढोलात किती आवाज दडलेले असतात. वाजवण्याचं तंत्र नंतर आलं, आधी वाद्याशी ओळख झाली.

दुसरी गोष्ट भिंतीची. फोर्ब्ज सर टिंपनी वाजवत. टिंपनी म्हणजे तांब्याच्या मोठ्या कढईसारखी वाद्यं. तोंडावर चामडं ताणलेलं असतं आणि ते कमी-जास्त ताणून स्वर लावता येतो. त्यांनी एव्हलिनला वर्गाच्या भिंतीवर तळवे ठेवून उभं केलं आणि दोन टिंपनींवर आळीपाळीने आघात केला. दोन स्वरांत मोठं अंतर होतं. तिला फरक कळला. मग त्यांनी अंतर कमी केलं, आणखी कमी केलं. खालचे स्वर तिला पायांत, पोटरीत जाणवू लागले. वरचे स्वर छातीत, मानेत, गालांच्या हाडांवर. शेवटी तर दोन स्वरांतला अगदी बारीक फरकही तिला शरीरावर वेगळ्या जागी सापडू लागला. श्रवणयंत्रं काढून ठेवली की हे अधिकच स्पष्ट व्हायचं.

ही जादू नाही. आवाज म्हणजे हवेतली कंपनं. तबल्याच्या शाईवर थाप पडली की तिथली हवा हलते, ती हवा पुढची हवा हलवते आणि शेवटी आपल्या कानाचा पडदा हलतो. पण वाटेत तीच कंपनं फरशी हलवतात, भिंत हलवतात, आपली कातडीही हलवतात. आपल्याला कानांची सवय असल्यामुळे बाकीच्या शरीराकडून येणाऱ्या बातमीकडे आपण लक्ष देत नाही. कान म्हणजे स्पर्शाचंच एक खास इंद्रिय आहे, असं एव्हलिनचं म्हणणं. म्हणूनच ती रंगमंचावर बहुतेक वेळा अनवाणी असते. लाकडी फळ्यांतून येणारी खबर तिला पायांनी घ्यायची असते.

एलनला गेलात तर शाळेपुढून नुसते चालत जा. आत जायची गरज नाही. कुठल्याही गावातल्या कुठल्याही शाळेसारखीच ती शाळा आहे, आणि हेच लक्षात राहण्यासारखं आहे.

मेरिलबोन रोडवरचा दरवाजा

आता परत लंडनला येऊ. बेकर स्ट्रीट स्टेशनावरून बाहेर पडलात की शेरलॉक होम्सचा पुतळा आणि मादाम तुसाँचं मेणाच्या पुतळ्यांचं प्रदर्शन पाहायला पर्यटकांची गर्दी असते. त्याच मेरिलबोन रोडवर थोडं पुढे लाल विटांची भारदस्त इमारत दिसते. ती रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ म्युझिक, स्थापना १८२२. पावलं थोडी हळू करा. एखाद्या खिडकीतून व्हायोलिनचा रियाज ऐकू येण्याची शक्यता बरीच.

किशोरवयीन एव्हलिन प्रवेशपरीक्षेसाठी इथे आली, वाजवलं, आणि नकार मिळाला. वाजवण्यात खोट होती म्हणून नाही. कर्णबधिर वादकाला पुढे भविष्य काय, हे कोणालाच माहीत नव्हतं म्हणून. तिने तिथेच प्रश्न केला : मी कशी वाजवते, मला संगीत किती कळतं आणि किती आवडतं, हे सोडून दुसऱ्या कारणाने तुम्ही मला नाकारत असाल, तर ज्यांना तुम्ही प्रवेश देता त्यांच्याबद्दलही विचार करावा लागेल. तिची परीक्षा पुन्हा झाली आणि तिला प्रवेश मिळाला. ती सांगते की त्यानंतर ब्रिटनमधल्या संगीत संस्थांचे प्रवेशाचे निकषच बदलले. अपंगत्व हे नकाराचं कारण राहिलं नाही. आधी वाजवणं ऐकायचं, मग ठरवायचं.

१९८२ ते १९८५ ती इथे शिकली. पण शिक्षण संपलं तेव्हा आणखी मोठी अडचण पुढे उभी होती, आणि तिचा कानांशी काही संबंध नव्हता.

ना घराणं, ना बंदिशी

आपल्याकडे तबलजीला एकल वादन करायचं तर त्याच्यापाशी खजिना असतो. पेशकार, कायदे, रेले, गती, तुकडे. गुरूने दिलेले, त्याच्या गुरूने त्याला दिलेले. दिल्ली, लखनौ, फरुखाबाद, पंजाब, प्रत्येक घराण्याचा बाज वेगळा. लेहरा धरायला कोणी बसलं की तासभर मैफल रंगू शकते.

पाश्चात्त्य अभिजात संगीतातल्या तालवाद्यवादकाकडे असं काहीच नव्हतं. ऑर्केस्ट्रात त्याची जागा सगळ्यात मागच्या रांगेत. शंभर मात्रा मोजत बसायचं आणि नेमक्या क्षणी एकदा झांज वाजवायची, असंही त्याचं काम असे. पुढे उभं राहून वाजवण्याचा मान पियानो आणि व्हायोलिनचा. विसाव्या शतकात हळूहळू चित्र बदललं. एद्गार वारेझ या संगीतकाराने १९३१मध्ये ‘आयोनिझासियों’ ही फक्त तालवाद्यांच्या ताफ्यासाठीची रचना पूर्ण केली. १९५९मध्ये श्टॉकहाउझेनने ‘त्सिक्लुस’ ही एकाच तालवाद्यवादकासाठीची रचना केली. १९६२मध्ये फ्रान्सच्या स्ट्रासबर्गमध्ये सहा तालवाद्यवादकांनी आपला स्वतंत्र संच काढला. क्सेनाकिससारख्या संगीतकारांनी अशा वादकांसाठी लिहायला घेतलं. वाट पडली होती, पण पायवाटच. एखाद्या वादकाने दर आठवड्याला नव्या शहरात एकट्याने कार्यक्रम करून पोट भरावं, एवढं संगीत अजून लिहिलेलंच नव्हतं.

मग एव्हलिनने काय केलं? ज्यांना लिहिता येतं त्यांच्याकडे ती गेली. माझ्यासाठी लिहा, म्हणाली. आजवर दोनशेहून अधिक नव्या रचना तिच्यासाठी किंवा तिच्या सांगण्यावरून तयार झाल्या आहेत. समकालीन संगीत वाजवणं म्हणजे काय, ते यातून कळतं. मोझार्टला विचारता येत नाही की इथे काठी कुठली वापरू. जिवंत संगीतकाराला विचारता येतं. तो विचारतो, हा आवाज या वाद्यातून निघेल का? वादक वाजवून दाखवतो, नाही म्हणतो, दुसरा आवाज सुचवतो. रचना दोघांमध्ये घडत जाते.

१९८६मध्ये ती जपानला गेली, केइको आबे यांच्याकडे मरिंबा शिकायला. मरिंबा म्हणजे लाकडी पट्ट्यांचं मोठं वाद्य. पट्ट्यांखाली नळ्या असतात आणि मऊ गोळ्यांच्या काठ्यांनी ते वाजवतात. दोन्ही हातांत मिळून चार काठ्याही धरतात. आबे यांनी या वाद्याला स्वतंत्र मैफलीचं वाद्य म्हणून उभं केलं. एका बाईने रुंद केलेल्या वाटेवर दुसरी शिकायला आली, असं म्हणा.

आणि कष्ट? व्हायोलिनवाला पेटी पाठीला अडकवून विमानात बसतो. तालवाद्यवादकाचं बिऱ्हाड पाहिलंत तर तुम्हाला लग्नघरातलं सामान आठवेल. मरिंबा, टिंपनी, घंटा, थाळे, झांजा, लाकडी ठोकळे, स्टँड, काठ्यांच्या पिशव्या. मैफल संध्याकाळी असली तरी काम सकाळी सुरू होतं. सगळं उतरवायचं, जोडायचं, प्रत्येक वाद्य हाताच्या टप्प्यात आणायचं, मैफल संपली की पुन्हा सगळं सोडवून बांधायचं. प्रत्येक सभागृहाची फरशी, छत, भिंती वेगळ्या, त्यामुळे तेच वाद्य रोज वेगळं बोलतं. एव्हलिनच्या संग्रहातली वाद्यं हजारोंच्या घरात गेली, त्याचं आश्चर्य वाटायला नको.

अल्बर्ट हॉलमधली एक संध्याकाळ

लंडनमध्ये एकच संध्याकाळ मोकळी असेल आणि महिना जुलै, ऑगस्ट किंवा सप्टेंबरचा पूर्वार्ध असेल, तर केन्सिंग्टनला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जा. उन्हाळ्यात तिथे ‘प्रॉम्स’ हा संगीत महोत्सव चालतो. त्याची सुरुवात १८९५ची. त्याचं जुनं सभागृह दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यात गेलं आणि १९४१पासून तो इथे आला. खास गोष्ट म्हणजे खुर्च्यांच्या महागड्या तिकिटांबरोबर उभं राहून ऐकण्याची स्वस्त तिकिटंही असतात. रांगेत उभे राहा, रांगेतल्या आजींशी गप्पा मारा, आत गेल्यावर थेट रंगमंचासमोर जागा मिळू शकते.

१८७१मध्ये बांधलेल्या या गोल सभागृहात आवाज इतका घुमायचा की नवा संगीतकार आपली रचना इथे हमखास दोनदा ऐकू शकतो, अशी चेष्टा व्हायची. १९६९मध्ये घुमटाखाली मोठ्या तबकड्या टांगल्या आणि प्रतिध्वनी बराच आटोक्यात आला. वर पाहा, भूछत्रांसारख्या त्या तबकड्या अजूनही लटकतायत.

१० ऑगस्ट १९९२ला याच जागी एव्हलिन ग्लेनी उभी राहिली. स्कॉटलंडचाच संगीतकार जेम्स मॅकमिलन याने तिच्यासाठी कॉन्चेर्तो रचला होता, म्हणजे एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा यांचा संवाद. नाव ‘वेनी, वेनी, इमॅन्युएल’. सोबतीला स्कॉटिश चेंबर ऑर्केस्ट्रा. ख्रिसमसच्या आधीच्या दिवसांत गायल्या जाणाऱ्या एका जुन्या भक्तिगीताची चाल या रचनेच्या मुळाशी आहे. मध्येमध्ये हृदयाचे ठोके पडल्यासारखी लय येते.

साधारण पंचवीस मिनिटांच्या या रचनेत वादक एका जागी उभा राहत नाही. थाळे, ढोल, लाकडी ठोकळे, व्हायब्राफोन, मरिंबा, अशी त्याची वाद्यांमधून यात्राच चालते. शेवटाकडे ऑर्केस्ट्रातले वादक आपापली वाद्यं खाली ठेवून छोट्या घंटा किणकिणवू लागतात आणि एकल वादक मागे जाऊन उभ्या नळ्यांच्या मोठ्या घंटा वाजवतो. त्या घंटांचा नाद विरेपर्यंत कोणी हलत नाही.

त्या संध्याकाळनंतर हा कॉन्चेर्तो जगभर शेकडो वेळा वाजला, आणि तो फक्त एव्हलिनने वाजवला नाही. नव्या पिढीचे अनेक वादक तो शिकतात. ज्या वाटेवर चालायला रचनाच नव्हत्या, तिथे आता विद्यार्थ्यांना अभ्यासाला रचना आहेत. मला तिच्या कारकिर्दीतली ही सर्वांत मोठी कमाई वाटते. तिला ग्रॅमी मिळालं, २००७मध्ये ‘डेम’ किताब मिळाला, २०१५मध्ये स्वीडनचा पोलार संगीत पुरस्कार मिळाला. पण दुसऱ्यांसाठी रस्ता तयार होणं याची किंमत वेगळी.

आपल्याकडेही अशी एक संध्याकाळ होऊन गेली. मुंबईत नरिमन पॉइंटला राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र, म्हणजे एनसीपीए आहे. तिथल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासाठी उस्ताद झाकीर हुसेन यांनी ‘पेशकार’ हा तबला आणि ऑर्केस्ट्राचा कॉन्चेर्तो रचला आणि २०१५मध्ये तो तिथे पहिल्यांदा सादर झाला. माहीमच्या घरात वडिलांकडे शिकलेला हात, आणि मागे पूर्ण पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा. एकेकाळी साथीला बसणारं वाद्य इथेही मध्यभागी आलं होतं.

बादल्या, पिंपं आणि एक हजार माणसं

लंडनमधला शेवटचा थांबा शहराच्या पूर्वेला, स्ट्रॅटफर्डचं ऑलिंपिक स्टेडियम. २७ जुलै २०१२ची रात्र कदाचित तुमच्यापैकी अनेकांनी घरी टीव्हीवर पाहिली असेल. उद्घाटन सोहळ्यात हिरवी शेतं उचलली गेली, जमिनीतून कारखान्यांची धुराडी वर आली आणि एक हजार ढोलवादकांनी स्टेडियम दणाणून सोडलं. त्यांच्या अग्रभागी एव्हलिन ग्लेनी होती. बरेचसे वादक साधे स्वयंसेवक होते, आणि त्यांच्यापुढे उलट्या बादल्या आणि कचऱ्याची पिंपं होती.

मला एलनचा तो काठ्या नसलेला ढोल आठवतो. जे हातात आहे त्यातून आवाज काढायचा, हा धडा तिथूनच आलेला.

आणि वर्तुळ पूर्ण झालं २०२१मध्ये. अ‍ॅबर्डीनच्या रॉबर्ट गॉर्डन विद्यापीठाने तिला कुलपतिपद दिलं. आपल्या शेतापासून जवळच्याच शहरात ती आता पदवीदान समारंभात मुलांना पदव्या देते.

जायचं असेल तर

मे ते सप्टेंबर हे महिने उत्तम. तरी स्वेटर आणि वाऱ्यात टिकणारं जॅकेट बरोबर हवंच, छत्रीचा वाऱ्यापुढे उपयोग होत नाही. अ‍ॅबर्डीनला दोन दिवस, एलन-मेथ्लिक-हॅडो हाउसला एक दिवस ठेवा. एव्हलिनचं बालपणीचं घर शोधत शेतांत शिरू नका. ती लोकांची राहती घरं आणि कामाची शेतं आहेत. नदीकाठी बसा, वारा ऐका, तेवढं पुरे.

आणि घरबसल्या

तिकीट काढणं सगळ्यांना जमणार नाही. म्हणून हा प्रवास घरीच करून पाहण्याच्या तीन गोष्टी सांगते. मुलांना जवळ बोलवा.

एक फुगा फुगवून दोन्ही तळव्यांत हलकेच धरा आणि मोबाइलवर ढोलाचं किंवा पखवाजाचं वादन लावा. फुगा तुमच्या हातात वाजेल. कानांत कापूस घालून पुन्हा करा.

स्टीलचं ताट मांडीवर घ्या आणि चमचा, बोट, नख, पेन्सिल, रुमालाची गाठ यांनी वाजवा. दहा वेगळे आवाज मिळेपर्यंत थांबायचं नाही. मुलं विसापर्यंत जातील.

घरात तानपुरा असेल तर कोणाला तरी तो छेडायला सांगा आणि भोपळ्यावर गाल टेकवा. खर्जाची तार कुठे लागते, पंचम कुठे, ते शोधा.

तिसरी गोष्ट झाली की अजून एक काम आहे. आपल्या अनेक घरांत कमी ऐकू येणारं एक तरी माणूस असतं. आजोबा, मावशी, शेजारच्या काकू. आपण काय करतो? स्वयंपाकघरातून ओरडून बोलतो, दोनदा सांगतो आणि तिसऱ्यांदा ‘जाऊ दे, काही नाही’ म्हणतो. त्या ‘काही नाही’ने त्या माणसाला किती एकटं पाडतो, हे आपल्या लक्षातही येत नाही. आज त्यांच्यासमोर जाऊन बसा. उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असं बसा, म्हणजे त्यांना ओठ दिसतील. टीव्ही बंद करा. सावकाश बोला आणि नंतर त्यांचं पूर्ण ऐका.

मग हवं तर तो फुगा त्यांच्याही हातात द्या आणि त्यांच्या आवडीचं गाणं लावा.